स्टिअरिंगवर कुणीच नाही

फीनिक्स (अमेरिका), रविवार

तीर्थरूप आबांस व आईस साष्टांग नमस्कार.

बाबूने तुमचा प्रश्न कळवला. "बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या म्हणतात, मग पोराने हेवी लायसन काढावं की नको?" फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणून लगेच आईकडे देता, म्हणून लिहितेच.

परवा बसले मी त्या गाडीत. मागच्या सीटवर. पुढे स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय, कुणाचे हात नाहीत. पहिली पाच मिनिटं पट्टा मुठीत धरून होते, पुढच्या पाच मिनिटांत मोबाइल बघायला लागले. आता वाटतं, घाबरायला हवं होतं ते त्या दुसऱ्या पाच मिनिटांना.

कारण इथे शेजारीच टेम्पी शहर आहे. १८ मार्च २०१८ च्या रात्री तिथे उबरच्या चाचणीच्या गाडीने, हातात सायकल धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. ती गेली. लक्ष ठेवायला म्हणून गाडीत माणूस बसवलेलं होतं, ते मोबाइलवर कार्यक्रम बघत होतं. पण झोप उडाली ती चौकशीतलं पुढचं वाचून. गाडीला ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती! तेवढ्यात तुम्ही टेम्पो थांबवून वर दोन शिव्याही दिल्या असत्या. यंत्र तिला कधी गाडी म्हणे, कधी सायकल, कधी आणखी काही. दर वेळी नाव बदललं की ती कुठून कुठे सरकली तो आधीचा हिशेब पुसला जाई. झेब्रा पट्टे नसतील तिथेही माणूस रस्ता ओलांडतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पत्रादेवी ओलांडून गोव्यात शिरल्यावर ते धारगळपर्यंत तरी पोचलं असतं का?

मला म्हापशाचा शुक्रवार आठवला. बांद्याहून पहाटे भाजी भरून निघायचो, मी मधल्या सीटवर. बाजाराच्या तोंडाशी तुम्ही म्हणायचात, "टोपलीवाल्या बाईचे पाय बघू नको. डोक्यावर ओझं असलं की तिला मान वळवता येत नाही, ती अख्खी वळते. अख्खी वळली की समज, रस्त्यावर उतरणार." तसंच काळ्या पाटीवर पिवळे आकडे दिसले, म्हणजे भाड्याची स्कूटर, की तुमचा पाय आधीच ब्रेकवर. पर्यटक कुठल्या समुद्राकडे वळेल हे त्यालाही ठाऊक नसतं म्हणा. इथल्या गाडीवरचे कॅमेरे, रडार, लेसर चारी बाजूंनी एकदम बघतात, अंधारातही. दिसण्यात कमी नाही. समोरचा आता काय करणार, तिथे घोडं अडतं.

डिसेंबर २०२३ मध्ये इथेच एक पिकअप ट्रक उलटा, तिरका बांधून ओढून नेत होते. तो ट्रक कुठे जाणार, हा वेमो नावाच्या कंपनीच्या बिनड्रायव्हर गाडीचा अंदाज चुकला आणि ती त्याला धडकली. काही मिनिटांनी त्याच कंपनीची दुसरी गाडी त्याच ट्रकला! सगळ्यांचा मेंदू एकच, मग चूकही तीच. पुढे ४४४ गाड्यांची प्रणाली दुरुस्त केली त्यांनी. हे मात्र मानलं पाहिजे, सुधारली की सगळ्या एकदम सुधारतात. आपल्याकडे एक ड्रायव्हर धडा शिकला म्हणून दुसरा थोडाच शिकतो?

आणि यंत्र दारू पीत नाही, पेंगत नाही. कोलवाळच्या पुलावर त्या पहाटे तुमचा डोळा लागला आणि मी कोपर मारलं, ते आठवतं ना? (बाबू, ही ओळ आईला वाचून दाखवू नकोस.)

तेव्हा इथल्या रुंद, सरळ, कोरड्या रस्त्यांवर ती चालते, खरंच नीट चालते. जूनमधला पाऊस, पांढरी रेघ गायब, डांबरावर बसलेली गुरं आणि चोडणच्या फेरीवर चढताना टेम्पोवर दोन थापा मारून 'बस्स' म्हणणारा खलाशी, यातलं तिने काही पाहिलेलं नाही. शिवाय ड्रायव्हरांची पोटं आहेत म्हणून या गाड्या येऊ देणार नाही, असं गडकरींनी २०१७ सालीच सांगून ठेवलंय. मंत्र्यांच्या शब्दावर मी बाबूचं आयुष्य बांधणार नाही, पण टोपलीवालीच्या मानेवर बांधेन.

लायसन काढू दे त्याला. फक्त पहिले सहा महिने म्हापशाला तोच चालवेल आणि तुम्ही शेजारी बसाल, काहीही न बोलता. जमेल?

मागच्या ब्रेकचे लायनर बदललेत का? दोन महिने विचारतेय.

तुमची,
सुमन