शुक्रवारच्या आधी

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

परवा फोन आधी कुणी ठेवला, ते आता उगाळत बसत नाही. मागे भाईमामाचा आवाज चढलेला होता, त्यामुळे आपलं दोघांचं बोलणं असं झालंच नाही. पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच होईल, म्हणून लिहायला बसले. शुक्रवारी तुझं आजीच्या फोटोंचं प्रदर्शन उघडतंय, त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं. प्रदर्शन पुढे ढकल असं मी सांगणार नाहीये. ते आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

फोटो मी सगळे पाहिले. इराने मोठ्या स्क्रीनवर लावून दिले आणि मी एकेक करून, मागे-पुढे जात पाहिले. आजी खिडकीशी बसून चुकीच्या काजात बटण घालतेय, तो बघताना मी बराच वेळ काही बोलले नाही. तिच्या उजव्या हाताची करंगळी नेहमी जरा बाहेर राहते. मशीनवर शिवतानाही राहायची. ही गोष्ट माझ्याखेरीज कुणाच्या लक्षात आली असेल असं मला वाटलं नव्हतं. तू ती पाहिलीस आणि थांबलास. रिकाम्या खुर्चीचा फोटो मात्र मला बाकीच्यांच्या तोडीचा वाटला नाही. रिकामी खुर्ची दिसली की बघणारा आपणहून हळवा होतो, त्यात तुझं काम फारसं उरत नाही. तो नाही लावलास तरी चालेल.

आणि मग तो पलंगाच्या कडेवरचा, तू नेटवरही टाकलास तो. फोटो म्हणून तोच सगळ्यात चांगला आहे, हे मला कळतं. डावीकडून येणारा उजेड, अर्धा चेहरा सावलीत, आणि ती चौकटीबाहेरच्या कुणाकडे तरी बघतेय. पण निनाद, तिचे केस विंचरलेले नाहीत.

तुला हे क्षुल्लक वाटेल. तुला आठवते ती आजारी आजी. मला आठवते ती कॅमेरा निघाला की हात वर करून "थांबा" म्हणणारी. नानांनी तो पेटीसारखा कॅमेरा आणला तेव्हा रोलमध्ये बाराच फोटो बसायचे, म्हणून सगळ्यांना रांगेत उभं करून ते मोजून-मापून बटण दाबायचे. आणि दर वेळी आजी आत निघून जायची. नाना चिडायचे, उजेड जातोय म्हणून ओरडायचे. ती फणी घेऊन आरशासमोर शांतपणे उभी. अंबाडा घालून, चश्मा काढून, मगच बाहेर यायची. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीच्या फोटोत नाना घाम पुसताना आलेत, भाईमामाचे डोळे मिटलेत, मी हललेय. नीट आलीय ती एकटी. आपण कसं दिसायचं ते तिने स्वतः ठरवलेलं होतं आणि ते ठरवायचं काम तिने नवऱ्यालासुद्धा करू दिलं नाही. तिच्या अल्बममध्ये मोकळ्या केसांचा एकही फोटो नाही. काल पुन्हा पाहून घेतला.

केसांबद्दल एवढं लिहायचं नव्हतं. तुझ्या कामाबद्दल लिहायचं होतं.

तू फोनवर रिचर्ड ॲव्हेडन या अमेरिकन छायाचित्रकाराचं नाव घेतलंस. आजारी वडिलांचे फोटो त्याने काढले आणि वडील गेल्यावर १९७४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लावले, हे मला माहीत आहे. संग्रहालयाच्या फोटो विभागात नोकरी केलेल्या बाईला तू हे सांगतोस, याचा मला रागही आला आणि बरंही वाटलं. मी तुला दुसरं नाव सांगते, डोरोथिया लँग. तीही अमेरिकन छायाचित्रकार. १९३६ साली कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर तिने एका आईचा फोटो काढला. दोन मुलं खांद्यांवर तोंड लपवून आणि आई गालाशी हात धरून दूर बघतेय, तो. जगातल्या सगळ्यात जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी तो एक असेल. लँगने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. ते लोकांना कळलं थेट १९७८ साली, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. तेव्हा ती बाई म्हणाली की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही. चाळीस वर्षं तिचा चेहरा गरिबीचा चेहरा म्हणून फिरत होता आणि तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

पण या गोष्टीचा पुढचा भागही तुला सांगायला हवा, नाहीतर मी लबाडी केल्यासारखं होईल. १९८३ साली ती शेवटच्या आजारपणात असताना मुलांनी उपचारांसाठी लोकांना मदत मागितली. पैसे आलेच, पण त्यांच्याबरोबर पत्रंही आली. त्या फोटोने आम्हाला धीर दिला, असं लिहिणाऱ्या अनोळखी लोकांची. तोवर त्या फोटोवर चिडून असलेल्या तिच्या मुलांना त्याचा अभिमान वाटू लागला तो तेव्हापासून. तुझ्या फोटोखाली लोकांनी जे लिहिलंय ते मी वाचलं. सगळं वाचलं, इरा झोपायला गेली तरी वाचत बसले. एका बाईंनी लिहिलंय की आईच्या शेवटच्या दिवसांत मी तिच्याकडे बघणं टाळत होते, तुमचा फोटो पाहिला आणि आज पहिल्यांदा नीट रडले. माझ्या मुलाने हे केलं. भाईमामालाही मी ते वाचून दाखवणार होते, पण त्याने ऐकून घेतलं नाही.

त्याचा राग कुठून आला ते तुला कुणी नीट सांगितलं की नाही, मला माहीत नाही. त्याने तो फोटो तुझ्या पानावर पाहिला नाही. कामावरच्या कुठल्याशा ग्रुपवर सकाळच्या संदेशांमध्ये आला. कुणीतरी तो कापून चौकोनी केला होता, तुझं नाव गेलं होतं, आणि आजीच्या छातीवरून आडव्या मोठ्या अक्षरांत आई-बापांना सांभाळा असा काहीतरी उपदेश लिहिला होता. खाली तीसेक हात जोडलेले. भाईला आधी वाटलं, ही आईसारखी दिसणारी दुसरी कुणी बाई आहे. मग मागचा पडदा ओळखीचा वाटला. जो मुलगा रोज रात्री तिला कूस बदलायला मदत करतो, त्याला आपल्या आईच्या तोंडून आई-बापांना सांभाळण्याचा उपदेश मिळाला. तो तुझ्यावर ओरडला, ते मला आवडलं नाही. पण तो का ओरडला, ते मला कळतं.

तू म्हणालास, फोटो माझा आहे. आहेच. शटर दाबलंस त्या क्षणी तो तुझा झाला, नोंदणीबिंदणी काही लागत नाही. कलाकृतींच्या हक्कांबद्दलच्या बर्न करारातून नोंदणीची अट १९०८ साली गेली आणि आज बहुतेक जग हेच मानतं. तो उपदेशाचा चौकोन फिरवणाऱ्याला तू हक्काने काढायला लावू शकतोस आणि लाव. पण चेहरा तिचा आहे, रे. आणि तिला आता हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. माझं सगळं घोडं इथेच अडलंय.

भिंतीबद्दल मला एवढी भीती वाटत नाही, हेही सांगते. भिंतीवर तू ठरवलेल्या क्रमाने ती भेटते. आधी बटणाचा फोटो, मग आरसा, मग हात, आणि मग कधीतरी पलंग. तिथवर पोचेपर्यंत बघणाऱ्याची तिच्याशी ओळख झालेली असते. तो उभा असतो, चालत आलेला असतो, आवाज खाली ठेवतो. तू तिथेच असतोस, कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला. आणि प्रदर्शन संपलं की फोटो उतरतात. नेटवर मात्र तो एकच फोटो सुटा निघतो. बटण मागे राहतं, कॅप्शन मागे राहते, तू मागे राहतोस. उद्या तू तुझ्या पानावरून काढलास तरी लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती कुठे कुठे असतील, तिथे तुझा हात पोचत नाही. म्हणून मला वाटतं, पलंगाचा फोटो भिंतीवर राहू दे आणि नेटवरून उतरव. बाकीचे राहिले तर राहू देत. आणि नेटवर टाकायच्या प्रतीतून तारीख-जागेची माहिती काढून टाकत जा. फोनवर काढलेल्या फोटोत घराची नेमकी जागा सुद्धा लिहिलेली असू शकते आणि ती म्हातारी बाई दुपारी घरात एकटी असते.

हे व्याख्यान झालं. रागावू नकोस. इतकी वर्षं लोकांना फोटो कसे हाताळायचे ते सांगत आले, ती सवय पत्रातही येते.

आणि तरी आणखी एक सांगणारच आहे. तिला विचार. आता नाही का विचारता येत, असं तू म्हणशील. सकाळी आंघोळ झाल्यावर तासभर ती बरीच तिची असते, तुलाही माहीत आहे, बटणाचा फोटो त्याच वेळचा आहे ना? प्रिंट घेऊन तिच्याजवळ बस. फोन दाखवू नकोस, काचेवरचं तिला दिसत नाही. कागद हातात दे. ती स्वतःला ओळखणार नाही कदाचित. "ही कोण गं?" असं विचारेल. मग तू विचार, या बाईचा फोटो लोकांना दाखवू का? जे म्हणेल ते तिचंच असेल. तिच्या विसराने तिची आवडनिवड गेलेली नाही. परवाच इराचा टीशर्ट बघून "हे काय घातलंय" म्हणाली. तिने फोटो बाजूला सारला तर तो बाजूला ठेव. हो म्हणाली तर दोन दिवसांनी पुन्हा विचार. मला या कल्पनेचीच भीती वाटते, कारण ती नाही म्हणाली तर तुझा सगळ्यात चांगला फोटो जाईल. आणि मला तो जायला नको आहे. हे दोन्ही एकदम खरं आहे, मी काय करू?

संग्रहालयात आमच्याकडे पेट्याच्या पेट्या फोटो यायचे. सुंदर प्रिंट, काही तर शंभर वर्षं जुने, आणि मागची बाजू कोरी. नोंदवहीत आम्ही लिहायचो, स्त्री, बसलेली, नाव अज्ञात. असं लिहिताना दर वेळी मला कुणाचा तरी अपमान केल्यासारखं वाटायचं. तेव्हा नेटवर नाव घालू नकोस, पण प्रत्येक प्रिंटच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलने तिचं पूर्ण नाव लिही. माहेरचंसुद्धा. पेनने नाही, शाई कागदातून पुढे येते. आणि जोर न देता लिही, नाहीतर पुढच्या बाजूला वळ उठतो. कापसाच्या लगद्याचा कागद घेतलास ते उत्तम केलंस, पण माउंटचा पुठ्ठाही आम्लमुक्त आहे का, ते फ्रेमवाल्याला विचारून घे. साधा पुठ्ठा काही वर्षांत कडेने पिवळा डाग पाडतो. कलादालनातले दिवे फोटोच्या फार जवळ नकोत. नाजूक कागदांसाठी आम्ही ५० लक्सच्या वर जात नव्हतो, लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप. तुझ्या पिगमेंट प्रिंटना त्याहून जास्त उजेड सोसेल, पण खिडकीचं थेट ऊन कुठल्याच भिंतीवर येऊ देऊ नकोस. मूळ फाइल्स एकाच लॅपटॉपवर असतील तर आज रात्रीच दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरव, त्यातलं एक घराबाहेरचं. ती आता असे फोटो पुन्हा देणार नाही.

तू चार वर्षांचा असताना आजीचा चश्मा डोळ्यांना लावून घरभर फिरायचास आणि सगळं मोठं दिसतं म्हणायचास. ती मागून ओरडत यायची, "डोळे बिघडतील!" तुझे डोळे बिघडले नाहीत. उलट आमच्यात कुणाला नाहीत असे डोळे तुला मिळाले. नानांना उजेड कळायचा, पण माणूस कळायचा नाही. मला प्रिंट कळतात, पण कॅमेरा हातात घेतला की काय बघू तेच सुचत नाही. तुला दोन्ही आलं. म्हणून तर मी इतकी घाबरते. वाईट फोटोने कुणाचं काही बिघडलं नसतं. तो कुणी कापून फिरवलाही नसता.

आम्ही गुरुवारी संध्याकाळी पोचतो. बाबा लेव्हल आणि मोजपट्टी घेऊन येतायत. फ्रेमांचे मध्य एका रेषेत आले नाहीत तर ते कुणालाच आत सोडणार नाहीत, तेव्हा त्यांना ते काम देऊन टाक. इराची परीक्षा आहे, ती रविवारी येईल.

भाईमामा येईन म्हणालेला नाही, पण शुक्रवारची रजा टाकलीय असं मामी हळूच म्हणाली. तो आला तर आधी पाया पडायला किंवा समजावायला धावू नकोस. त्याला बटणाच्या फोटोपासून सुरुवात करू दे. पलंगाशी पोचला की मात्र कितीही लोक भेटायला आलेले असोत, त्यांना सोडून त्याच्या शेजारी जाऊन उभा राहा. आजीने तोवर काय उत्तर दिलं, ते तुझ्याच तोंडून त्याला कळू दे.

तुझी,
आई