आमच्या मासळीवाल्या मावशींना, जाहीर आभार

ती. मावशींस,
सा. न.

तुमची सून परवा म्हणाली, यंदा 1 जूनला पावसाळ्यातली मासेमारीबंदी लागली की तुम्ही बसायची जागा तिच्या हवाली करणार. गुडघे आता ऐकत नाहीत, पहाटे धक्क्यावर जाणं झेपत नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा निघतील तेव्हा पाट तिचा. मी तुमचे तोंडावर आभार मानायला आलो असतो तर "पैसे टाक आन् सरक, मागं गिऱ्हाईक हाय" एवढंच ऐकून परत फिरलो असतो. म्हणून लिहितो. सून वाचून दाखवेल. आणि सगळ्यांसमोर लिहितो, कारण आमच्या बिल्डिंगमधले चार जण अजूनही मला विचारतात की तू स्वतः मासे खात नाहीस, मग तुझ्या घरच्या आमटीचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत का येतो. त्यांना एकदाचं उत्तर मिळू दे.

त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी लातूरकडचा. घर माळकरी, वडिलांच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंही कधी आलं नाही. मी माळ घातलेली नाही, माझं काही व्रत नाही, पण मासा खावा असं जिभेला कधी वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. बायको मालवणची. तिच्या नोकरीत पाळ्या असतात, त्यामुळे स्वयंपाक बहुतेक माझ्याकडे, आणि तो मला शिक्षा वाटत नाही. भाकरी थापायची, येसर आमटी करायची, शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटायची, हे मला मनापासून आवडतं. मग सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यावर आमच्याकडे राहायला आल्या. त्यांना ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं, आणि माशाशिवाय दोन घास जात नव्हते. पाककृती त्यांच्या डोक्यात तयार होत्या. बाजार कोण करणार, आणि न चाखता शिजवणार कोण, एवढाच प्रश्न होता.

तो प्रश्न घेऊन मी अंधेरीच्या बाजारात आलो आणि तुमच्यासमोर उभा राहिलो, का तर तुमच्यापुढे गर्दी कमी होती. मी सगळी हकिकत सांगितली. तुम्ही कोयता खाली ठेवलात, शेजारणीला हाक मारलीत आणि तिला ती हकिकत माझ्यादेखत पुन्हा सांगितलीत. अख्खी रांग हसली. त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी "लातूर" झालो. "काय लातूर, काय देऊ?" माझं खरं नाव तुम्हाला ठाऊक आहे की नाही याची मला आजही शंका आहे.

पण हसून झाल्यावर तुम्हीच विचारलंत, "मंग मीठ कसं बघनार?" आणि उत्तरही तुम्हीच दिलंत: "मासा पडंपर्यंत सगलं तुझंच हाय. तवाच चाख."

मावशी, या एका वाक्यावर माझा सगळा स्वयंपाक उभा आहे. सासूबाईंची बांगड्याची आमटी म्हणजे ओलं खोबरं, भिजवलेल्या बेडगी मिरच्या, धणे, हळद, इतकंच वाटण, गंधासारखं बारीक. कांदा नाही, लसूण नाही. त्यात तिरफळं, त्यातल्या काळ्या बिया काढून टाकायच्या आणि सालं नुसती ठेचून घालायची, वाटली तर आमटी कडू होते. कोकमं, मीठ, पाणी. आता यात माझ्या आईने नाक मुरडावं असं काय आहे? माझ्या पातेल्यात आमटी खळखळत असते तेव्हा ती पूर्ण शाकाहारी असते. मी ती चमच्याने चाखतो, आंबट बघतो, तिखट बघतो, मीठ किंचित कमी ठेवतो, कारण बांगड्याला आधीच मीठ-हळद लावून ठेवलेली असते आणि ते मीठ रश्शात उतरतं. मग माझ्या वाटणीची एक मोठी वाटी काढून बाजूला ठेवतो. आणि त्यानंतर बांगडे सोडतो. त्यानंतरचं सगळं त्या तिघींचं, बायको, सासूबाई आणि लेक यांचं. माझी वाटी आणि गरम भात, आणि तिरफळाने जिभेला येणारी ती बारीक झिणझिण. मालवणी माणूस याला जेवण म्हणणार नाही, पण मला याहून जास्त काही नको असतं.

शिजला की नाही ते चाखून कळायला नको, डोळ्यांनी कळतं, हेही तुमचंच. बांगड्याचा डोळा पांढरा होऊन टपोरा बाहेर आला, मानेपाशी मांस काट्यापासून सुटायला लागलं, की गॅस बंद. वर झाकण, आणि पळीने ढवळायचं नाही, पातेलं दोन्ही कानांनी धरून हलवायचं. पहिल्यांदा असं हलवताना सासूबाई खुर्चीतून बघत होत्या. "ह्यां कोणी शिकवल्यान?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाजारातल्या मावशींनी. "कोळीण मां? मगे बरोबर," असं म्हणून त्यांनी टीव्हीकडे मान वळवली. आमच्याकडे याला प्रशस्तिपत्र म्हणतात.

खरेदीचं तर काय सांगू. खाणारा माणूस चवीवरून शिकतो, मागच्या वेळचा शिळा होता एवढं त्याला जीभच सांगते. मला ती सोय नाही. म्हणून तुम्ही माझ्या हातांना शिकवलंत. कल्ले उघडून आतला लाल रंग बघायचा, तपकिरी झाला असेल तर पुढे चालायचं. अंगठ्याने पाठीवर दाबायचं, खळगा लगेच भरून आला पाहिजे. पापलेट कल्ल्यापाशी दाबलं तर पांढरट पाणी यायला हवं. कोळंबीचं डोकं घट्ट हवं, काळं पडलेलं नको. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिटलेल्या हव्यात. एखादी उघडी असेल तर टिचकी मारायची, मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेकायची. बांगड्याच्या बाबतीत तुम्ही सगळ्यात कडक. तो उन्हात, बर्फाशिवाय पडून राहिला की अंगावर खाज उठते, चेहरा लाल होतो, आणि शिजवल्याने ते जात नाही. पुढे मी वाचलं तेव्हा कळलं की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि उष्णतेने ते नष्ट होत नाही. तुम्ही त्याला "बांगडा चढतो" म्हणायचात. तुमचं नाव मला जास्त पटतं.

आणि मावशी, बाजारातल्या एकाही बाईला मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला माशाला इतका हात लावू देताना पाहिलेलं नाही. तुम्ही मला चार बांगडे हातात देऊन विचारायचात, यातला कालचा कुठला. गर्दीच्या वेळी, धंदा सोडून.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते न विकलेल्या मासळीचे. "आज नको रं लातूर." हे तुम्ही मला किती वेळा म्हणालात! मी पिशवी घेऊन, बायकोला फोनवर कबूल करून आलेलो, आणि समोर बोंबलांचा ढीग असूनही तुम्ही म्हणणार, आज नको. पहिल्यांदा मला वाटलं, हा काहीतरी भाव वाढवायचा डाव असेल. मग एकदा तुम्ही समजावून सांगितलंत. बोंबील सापडतो डोलीत. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेलं लांबलचक पिशवीसारखं जाळं, ते कुणी ओढत नाही, भरती-ओहोटीचं पाणीच त्यात मासळी लोटतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ, डोली भरतात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद, डोलीत हाताला फारसं लागत नाही. त्या दिवसांत बाजारात बोंबील दिसला तरी तो ताजाच असेल असं नाही.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयचा उपयोगच बदलला. लातूरच्या घरी ते एकादशी कधी आहे ते बघायला होतं. मी अष्टमी बघतो. अष्टमी-नवमीला आमच्याकडे पिठलं-भाकरी असते आणि कुणाची तक्रार नसते, निदान माझी तरी नाही. आधी जेवण ठरवून मग बाजारात जाणारा मी आता रिकाम्या डोक्याने बाजारात येतो आणि काय करायचं ते तिथे ठरतं. भाजी घेतानाही तसंच करतो. स्वयंपाकात मजा यायला लागली ती खरी इथून.

बोंबलाचं निघालंच आहे तर आमच्या लेकीच्या वतीनेही आभार मानतो. तिच्यासाठी जगात एकच पदार्थ आहे, तळलेला बोंबील. तो तुम्ही मला ओट्यावर नव्हे, तुमच्या पाटावर शिकवलात. डोकं आणि पर काढायचे, पोटातून चीर देऊन पुस्तकासारखा उघडायचा, मधला काटा अलगद उचलायचा. मग मीठ लावून दोन फडक्यांमध्ये एका ओळीत मांडायचे आणि वर पोळपाट, पोळपाटावर खलबत्ता. अर्ध्या तासाने फडकं पिळून निघेल इतकं पाणी सुटतं. बोंबलात मांस थोडं आणि पाणीच फार. ते पाणी निघालं नाही तर तव्यावर खीर होते. मग आलं-लसूण, हळद, तिखट, कोकमाचं आगळ, आणि तांदळाच्या पिठात रवा मिसळून त्यात घोळवायचा. तव्यावर टाकल्यावर खालची बाजू स्वतःहून सुटेपर्यंत कालथा लावायचा नाही. लेक पहिला बोंबील ताटात पडायच्या आत उचलते, टोक मोडते, आणि तो "कट्" असा आवाज आला की माझ्याकडे बघून मान हलवते. चव मला माहीत नाही. आवाजावरून मी ओळखतो.

पापलेटांवरून आपलं थोडं वाजलंही होतं. बायकोच्या वाढदिवसाला मला तीन छोटी पापलेटं हवी होती, ताटात दिसायला छान, प्रत्येकाला एक. तुम्ही म्हणालात, तळहाताएवढी पिल्लं मी ठेवत नाही, ज्याला पाहिजे त्याने दुसरीकडून घ्यावीत. आणि मला एक मोठं देऊन त्याच्या तुकड्या करून दिल्यात. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी सरकारने 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवली, त्याची बातमी मी तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवली. तुम्ही म्हणालात, "आता उठले काय?" यावर मी काय बोलणार!

आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही विसरला असाल. माझे वडील लातूरहून आले होते. ते आले की आमच्याकडे मासळी बंद असते, हे मी तुम्हाला आधी सांगून ठेवलं होतं. एका संध्याकाळी त्यांना घेऊन बाजारावरून जात होतो, वांगी घ्यायला. एरवी तुम्ही मला रस्त्याच्या पलीकडून हाक मारता. त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे अशा नजरेने पाहिलंत, जणू मी बाजारात पहिल्यांदाच आलोय. तुमच्या शेजारणीने "ए लातू..." म्हणून तोंड उघडलं आणि तुम्ही तिला कोपराने ढोसलंत. वडिलांनी पुढे गेल्यावर विचारलं, "त्या बाया का हसत होत्या रे?" मी म्हटलं, मुंबईत बायका हसतातच. त्यांना सगळं ठाऊक आहे, सून कुठली आहे तेही आणि घरात काय शिजतं तेही. पण ते त्यांच्या डोळ्यांपुढे आणू नये, एवढं अदबीचं वागणं तुम्हाला कुणी सांगावं लागलं नाही.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. मागच्या थंडीत त्या तापाने पडल्या होत्या, तोंडाला चव नव्हती. तुम्ही न विचारता मुडदुशे मासे बाजूला काढून ठेवलेत, म्हणालात पोटाला हलके, आजारी माणसाला चालतात. पातळ रस्सा आणि उकड्या तांदळाची पेज. त्या दिवशी त्या वाडगाभर जेवल्या. तुम्ही पैसे घेतले नाहीत. त्यांनी तुम्हाला अजून पाहिलेलं नाही, पण घरात तुमचं नाव "आमची कोळीण" असं आहे, आणि मालवणी बाई मुंबईच्या कोळणीला "आमची" म्हणते हे किती अवघड काम आहे, ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

आता जून-जुलैची बेगमी. 31 जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर असतील, तोवर सुकं. जवळा आमच्याकडे कांद्यावर परतून ज्वारीच्या भाकरीबरोबर होतो, आणि ती भाकरी माझी असल्यामुळे त्या जेवणात लातूरचाही वाटा असतो. सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, वांग्या-बटाट्यात. त्यातही वांगं-बटाटा आधी शिजवून माझी वाटी काढून घेतो, तुमच्या नियमाने.

तर सोडे अर्धा किलो आणि वर्सोव्याचे सुके बोंबील, चांगले कडकडीत वाळलेले, बाजूला ठेवा. मी शुक्रवारी संध्याकाळी येतो. मुडदुशांचेही पैसे त्यात धरा. या वेळी नाही म्हणू नका, नाहीतर ते तुमच्या सुनेच्या हातात देईन आणि ती घेईल, तिला मी विचारून ठेवलंय. सून ऑगस्टमध्ये बसायला लागली की तिचा बांगडा मी दाबून बघणार आहे, हेही तिला आत्ताच सांगून ठेवा.

तुमचा,
लातूर