सांगाडा परत केला, पण त्याच्या नोंदींचे काय?

संपादक महोदय,

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी १९९६ मध्ये सापडलेला, सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा ‘केनेविक मानवा’चा सांगाडा दीर्घ वादानंतर फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथील मूळनिवासी जमातींनी आपला पूर्वज मानून पुन्हा मातीत ठेवला. ज्या डीएनए चाचणीने २०१५ मध्ये त्याचे या जमातींशी नाते दाखवून दिले, तिची माहिती मात्र संगणकांवर राहिली आणि राहणारच. हाडे परत करता येतात. छायाचित्रे, मोजमापे आणि त्रिमितीय प्रतिकृती एकदा हातोहात गेल्या की त्यांच्या नकला गोळा करून आणता येत नाहीत. मानवी अवशेषांच्या चर्चेत ही बाजू फार मागे पडते.

म्हणून ही सगळी माहिती कुलपात ठेवावी, असे मी मुळीच म्हणणार नाही. प्राचीन डीएनएसाठी दात किंवा आतल्या कानाभोवतीचे कठीण हाड पोखरून पूड काढली जाते आणि ती चाचणीतच संपते. तिच्यातून हाती आलेली माहिती जपली नाही, तर पुढचा अभ्यासक त्याच कवटीला पुन्हा छिद्र पाडतो. एका जुन्या संग्रहाच्या नोंदी संगणकावर चढवताना मला एका रकान्यात नुसते १, २ आणि ९ हे आकडे आढळले होते. ९ म्हणजे ‘हाड मिळाले नाही’ की ‘तपासले नाही’, याचा खुलासा कुठेच नव्हता. अखेर खोकी उघडून एकेक मणका पुन्हा हाताळावा लागला. ठिसूळ हाडांच्या कडा अशा हाताळणीत झडतात, आणि खोक्याच्या तळाशी साचलेला तो भुगा कुणाच्या तरी देहाचाच असतो, हे मी विसरू शकलेलो नाही.

माहिती शोधता यावी, मिळावी, इतर माहितीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी, ही ‘फेअर’ तत्त्वे २०१६ मध्ये मांडली गेली. ती आवश्यकच आहेत. पण ती माहिती कुणाची, हा प्रश्न त्यांत येत नाही. तो २०१९ च्या ‘केअर’ तत्त्वांनी पुढे आणला: मूळनिवासी समाजांचे सामूहिक हित, माहितीवर त्यांचा अधिकार, संशोधकाची जबाबदारी आणि नैतिकता. दोन्ही एकत्र पाळायची तर सगळे खुले किंवा सगळे बंद अशी विभागणी चालणार नाही. हाडांची मोजमापे आणि आजारांच्या खुणांच्या नोंदी, वारसांचा आक्षेप नसेल तर, सर्वांसाठी खुल्या असाव्यात. चेहऱ्याच्या प्रतिकृती, बालकांच्या अवशेषांची छायाचित्रे, संपूर्ण जनुकीय माहिती आणि दफनभूमीचे नेमके स्थान (हे चोरट्यांच्याही उपयोगाचे असते) मात्र अर्ज पाहून द्यावे, आणि तो अर्ज पाहणाऱ्यांत वारस समाजाचे प्रतिनिधी असावेत. वारस ठाऊक नसतील तेथे त्यांच्या अनुपस्थितीला संमती समजू नये. निर्णयाची जबाबदारी कुणाची, हे तरी नावानिशी नोंदवावे.

याहून साधी, पण हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे संमतीच्या अटी. त्या कपाटातल्या एखाद्या पत्रात राहतात आणि फाइल त्यांच्याविना जगभर फिरते. त्या अटी फाइलमध्येच लिहिलेल्या असाव्यात, आकड्यांच्या खुलाशासह. यासाठी लागणारा वेळ आणि पैसा प्रकल्पाच्या मूळ अंदाजपत्रकातच धरला जावा, आणि निधी देणाऱ्या संस्थांनी अशी तरतूद नसलेला प्रस्ताव मंजूर करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक अस्थिअभ्यासक