नोटेशनची पाने वादकासाठी छापा

मा. संपादक,
स. न.

पाश्चात्य संगीताच्या स्टाफ नोटेशनचे (पाच रेषांवर स्वर लिहिण्याच्या लिपीचे) स्वतंत्र भाग, म्हणजे एकेका वाद्याची वेगळी पाने, आता संगणकावर सहज तयार होतात. पण पाने वाचवण्यासाठी मजकूर दाटीवाटीने बसवला जातो आणि त्याचा भुर्दंड ऐन वादनात वादकाला सोसावा लागतो. वाद्यवृंदात दोन व्हायोलिनवादक एकाच स्टँडवरून वाचतात, त्यामुळे पाच रेषांच्या पट्टीची उंची सात मिलिमीटरपेक्षा कमी नसावी.

त्याहून मोठी अडचण पान उलटण्याची आहे. उजव्या पानाच्या शेवटच्या ओळीत जलद स्वरांची मालिका चालू असताना एक हात गजावर आणि दुसरा तारांवर असतो, मग पान कोणी उलटायचे? पान उलटण्याची वेळ विरामाच्या जागी यावी, यासाठी आधीच्या पानाचा तळ कोरा ठेवावा लागला तरी चालेल. कोऱ्या कागदाची एवढी धास्ती कशाला, हे कळत नाही.

तसेच, दीर्घ विरामानंतर प्रवेश करणाऱ्याला दुसऱ्या वाद्याची ओळखीची ओळ लहान स्वरचिन्हांत दाखवावी आणि बारचे (उभ्या रेषांमधल्या ठरावीक मात्रांच्या खंडांचे) क्रमांक प्रत्येक ओळीच्या आरंभी द्यावेत. प्रकाशकांनी छपाईपूर्वी प्रत एकदा वादकाच्या स्टँडवर ठेवून वाजवून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक