मंत्री महोदय, नावं लिहून घेऊन नशा मोजता येत नाही

मा. मंत्री महोदय,

नमस्कार. मी सिडकोत राहते, नाशिकला. माझा धाकटा भाऊ दोन वर्षं एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीच्या नादात होता, आत्ता कुठे महिनाभर समुपदेशनाला जायला लागलेला. मागच्या मंगळवारी सरकारी सर्वेवाले दारात आले, विचारायला, घरात कुणी नशा करतं का. आईने सरळ नाही सांगितलं. भावाने मात्र त्यांना जिन्यात गाठून खरं सांगितलं, कारण फॉर्मवर लिहिलेलं, नाव गुप्त राहील. चार दिवसांत ती यादी व्हॉट्सअॅपवर, नाव नंबर सगळं. आता तो खोलीतून बाहेर येत नाही, समुपदेशन बंद, आई जेवत नाही आणि मी ऑफिसातून तासातासाला फोन करून तो आहे ना एवढंच विचारते.

दारात आईसमोर कोण खरं बोलणार हो? एम्सने २०१८ ला देशभर २ लाख घरांत सर्वे केला, पण दारू-गांजापलीकडची नशा घरोघरी विचारून कळत नाही म्हणून शंभराहून जास्त जिल्ह्यांत सत्तर हजारांवर नशा करणाऱ्यांना वेगळं गाठलं. कसं? नशा करणाराच आपल्या ओळखीच्यांना कूपन देतो, ते येतात, पुढे आणखी कूपन देतात, आणि ज्याच्या ओळखी जास्त तो जास्त वेळा सापडणार म्हणून हिशेबात त्याचं वजन कमी धरतात. ओळख पटवायला कोड पुरतो, नाव कशाला लागतं?

तेही नको असेल तर गटाराचं पाणी तपासा. इटलीत २००५ मध्येच पो नदीच्या पाण्यात कोकेनचा लघवीतून आलेला अंश मोजून शहरांत किती खपतं याचा अंदाज काढला. माणसं किती ते त्यातून कळत नाही, पण माल वाढतोय की घटतोय हे तर कळेल! आपल्याकडे नाशकात तपोवन, आगरटाकळी, चेहेडीला मलनिस्सारण केंद्रं आहेत, तिथून दर आठवड्याला बाटलीभर नमुना घ्यायला काय जातं? कुणाचं नाव नाही, कुणाची अब्रू नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, तोही मुंबई पोलिसांना. तेव्हा यंत्रणा कुठे होती, आणि आज माझ्या भावाच्या दारात बरी येते? कारखाने सापडत नाहीत, पोरं तेवढी सापडतात. कुंभमेळ्याला पैसा आहे, रस्ते होतायत, होऊ द्या, पण व्यसनी पोराला सरकारी दवाखान्यात गेलो तर पोलीस येतील ही भीती आहे. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यातच कलम ६४ए आहे, थोडा माल बाळगल्याच्या केसमध्येसुद्धा स्वतःहून उपचार घेणाऱ्याला संरक्षण देणारं, ते या गल्लीत एकालाही कुणी सांगितलेलं नाही.

ती यादी कुणी फोडली ते शोधा आणि त्यातलं माझ्या भावाचं नाव आधी काढा. मग मोजा.

सिडकोतली एक बहीण