चेन घ्यावी ती दात मोजून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची तरुण मंडळी मोटारसायकल टेम्पोत घालून कोइमतूरच्या करी स्पीडवेला किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला रेससाठी निघतात, तेव्हा आधी एक खरेदी ठरलेली असते : नवा चेन-स्प्रॉकेट संच, म्हणजे चेन आणि ती ज्यांवर फिरते ती पुढची-मागची दातेरी चाकं. दुकानात पाहिलं जातं ते दोनच गोष्टींकडे. एक, चेन किती किलोला तुटते; दुसरा, रंग सोनेरी आहे का. रंगाबद्दल काय बोलावं! पण तुटण्याचा आकडाही निवडीला जवळजवळ निरुपयोगी आहे.

कावासाकी निंजा ३०० घ्या. टॉर्क, म्हणजे इंजिनाची पिळण्याची ताकद, सुमारे २७ न्यूटन-मीटर. प्रायमरी (इंजिन ते क्लचमधली गिअरची जोडी) आणि पहिला गिअर मिळून तो ८.४ पट होतो. पुढच्या १४ दाती स्प्रॉकेटची त्रिज्या ३६ मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे चेनवर ओढ आली साडेसहाशे किलोच्या आसपास. बरी ५२० मापाची चेन तीन टनांपर्यंत सहज टिकते. क्लच झटक्यात सोडल्याचे धक्के धरले तरी पुष्कळ शिल्लक राहते. ट्रॅकवर चेन जाते ती पिन-बुश झिजून, पिनांमधलं ग्रीस धरणारं सील फाटून, किंवा चेनची दोन टोकं जोडणारा लॉक नीट न बसल्याने.

खोक्यावरचा वाचण्याजोगा आकडा वेगळाच आहे. ५२० मधला ५ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर ५/८ इंच, १५.८७५ मिमी. पुढचे २० म्हणजे आतली रुंदी पाव इंच. ५२५ मध्ये अंतर तेच, रुंदी ५/१६ इंच. होंडा सीबीआर६००आरआरसारख्या ५२५ च्या गाडीला वजन वाचवायला ५२० लावतात, ते ठीकच आहे. पण मग पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट आणि चेन तिन्ही ५२० हवीत. ५२५ ची चेन ५२० च्या दातांवर चढते, म्हणूनच घोटाळा होतो. ती आडवी हलत राहते आणि दातांच्या बाजू खाते. आकडा नुसता खोक्यावर नव्हे, कडीच्या पट्टीवरही ठोकलेला असतो, तो तिथे वाचावा. नकली मालही बरेचदा तिथेच कळतो. चेन परदेशीच हवी असंही नाही. रोलॉन बनवणारी एल. जी. बालकृष्णन ही कंपनी कोइमतूरचीच, फॉर्म्युला फोरच्या गाड्यांना ‘एलजीबी’ हे नाव तिचंच.

आता दात. निंजा ३०० वर कंपनीचं १४/४२ (पुढे १४, मागे ४२ दात), म्हणजे गुणोत्तर ३.०. मागे एक दात वाढवला की गाडी साधारण २.४ टक्के ‘छोटी’ होते (ओढ वाढते, कमाल वेग घटतो), पुढचा एक कमी केला की एकदम ७.७ टक्के. त्यामुळे ट्रॅकनुसार बदल मागेच करावा. पुढे १४ ठेवून मागे ४१ ते ४४ जवळ असावेत. पुढे १३ लावून पैसे वाचवण्याची युक्ती सर्रास दिसते. चेन स्प्रॉकेटवर गोलात नव्हे, बहुकोनात फिरते. १३ दातांवर प्रत्येक दातागणिक तिचा वेग २.९ टक्के वरखाली होतो, १५ वर २.२ टक्के. शिवाय कडी जास्त मुडपते आणि ओढही वाढते. आणखी एक बारकावा : चेनच्या कड्या नेहमी सम असतात. पुढे १४ असतील तर एका दातावर कायम आतलीच किंवा बाहेरचीच कडी येते आणि एकाआड एक दात वेगळा झिजतो. विषम दातांना ही अडचण नाही.

किती छोटी करायची, हे सर्वांत लांब सरळ पट्ट्यावर ठरतं. ब्रेक लावण्याच्या क्षणी शेवटच्या गिअरमध्ये इंजिन रेडलाइनच्या, म्हणजे फेऱ्यांच्या कमाल मर्यादेच्या, किंचित खाली हवं. फेऱ्या रोखणारा लिमिटर आधीच लागत असेल तर मागचा दात कमी करा. सहावा गिअर पडतच नसेल तर वाढवा. करीचा ट्रॅक जेमतेम दोन किलोमीटरचा आणि वळणांचा, तर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एकच सरळ पट्टा किलोमीटरहून लांब. दोन्हीकडे तोच संच चालेल अशी आशा धरू नये.

दात बदलले की मागचा ॲक्सल सरकतो, हे मात्र हमखास विसरलं जातं. एका दाताला साधारण ४ मिमी. ४२ चे ४४ केले की चाक ८ मिमी पुढे येतं, चेनच्या ओढीचा कोन बदलतो, आणि रायडर सस्पेन्शनला दोष देत बसतो. चेन सर्वांत मोठ्या स्प्रॉकेटवर मोजूनच कापावी. दोन कड्या म्हणजे ॲक्सलचे १६ मिमी, चार दातांइतके.

सीलची की बिनसीलची? बिनसीलची हलकी फिरते, पण प्रत्येक सेशननंतर तेल मागते आणि लवकर झिजते. शिकाऊ रायडरने एक्स-रिंगची, म्हणजे सीलचीच, घ्यावी. धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल आणि प्रेशर वॉशर नको, सील जातात. मागचं स्प्रॉकेट ७०७५ ॲल्युमिनियमचं चालेल, वजन कमी होतं, पुढचं स्टीलचंच.

झीज डोळ्यांनी पाहू नका, मोजा. चेन ताणून २१ पिना मोजायच्या, म्हणजे २० कड्या. नव्या ५२० चे ३१७.५ मिमी भरतात. कावासाकीची मर्यादा ३२३ आहे, पण ती रस्त्यासाठी; रेसच्या गाडीची ३२०.५ ला बदलावी. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन चढवू नये. अंतर जुळत नाही, भार मोजक्या दातांवर येतो आणि नवी चेनही लवकर जुनी होते.

बसवताना सर्वांत मोठी चूक चेन घट्ट ठेवण्याची. ढील स्टँडवर मोजून भागत नाही. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा) बोल्ट आणि ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत ताणलेली असते. शॉक काढून किंवा पट्ट्याने गाडी खाली दाबून ती रेष साधा, आणि तिथेही ती १० ते १५ मिमी हलली पाहिजे. नाही हलली तर गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग जातं आणि चेन तर जातेच. चिमट्यावरच्या खुणांवर विश्वास नको. दोन्ही बाजूंचं अंतर पट्टीने मोजा.

लॉक रिव्हेटचाच. बाहेरची पट्टी शेजारच्या कड्यांइतकीच दाबायची, व्हर्निअरने तपासून. जास्त दाबली तर कडी आखडते. पिनेचं तोंड फुलवल्यावर कडेला चीर आहे का ते भिंगाने पाहावं. लहान गाड्यांना क्लिपचा लॉक चालतो, त्याचं बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला हवं. काढलेला लॉक परत वापरू नये.

आणि मागच्या स्प्रॉकेटखाली बसणारी ती छोटी पंखासारखी पट्टी. रायडर पडला की बोटं चेन आणि दातांमध्ये जाऊ नयेत म्हणून ती असते. मोठं स्प्रॉकेट बसवताना ती काढून बाजूला ठेवतात आणि बोल्ट तसेच मोकळे राहतात. दात बदलले की तिची जागाही बदलून लावायची, स्क्रुटिनीला, म्हणजे रेसआधीच्या गाडीच्या तपासणीला, जाण्याआधी.

आपले,
रेसच्या मोटारसायकलींचं काम करणारे मेकॅनिक, पुणे