किडनीची भीती घातलीत, यकृताचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला औषधांच्या दुष्परिणामांवरचा लेख वाचला. लेखकांचा अभ्यास दांडगा आहे, वाद नाही. हिपॅटायटिस-बी या यकृताला धरणाऱ्या, विषाणूच्या काविळीवरच्या टेनोफोव्हिर गोळीचा मूत्रपिंडावर आणि हाडांवर परिणाम होऊ शकतो, हेही खरं. पण ती गोळी मध्येच सोडली तर काय होतं, याला अख्ख्या पानात एक ओळ मिळू नये?

माझ्या साडूंनी ती सोडली होती. राधानगरीकडचा माणूस. रोज एक गोळी, तब्येत ठणठणीत. कुणीतरी मोबाईलवर असाच मजकूर वाचून दाखवला. 'किडनी खाती म्हणं ही गोळी', एवढ्यावर डबी फडताळात गेली. काही महिन्यांनी डोळे पिवळे झाले. मग गळ्यात माळ घालून झाली, चुन्याच्या पाण्यानं हात धुऊन झाले, पाणी पिवळं पडलं म्हणून घरचे खूश! दवाखान्यात नेलं तोवर पोटात पाणी झालेलं. दबून राहिलेला विषाणू औषध बंद होताच उसळला, असं डॉक्टरांनी सांगितलं. जीव वाचला, यकृत गेलं ते गेलंच. आणि मूत्रपिंड? तपासलं, तर ते एकदम नीट!

अर्थात डॉक्टर मंडळीही धुतल्या तांदळासारखी नाहीत. आधीच्या डॉक्टरांनी 'बंद करायची नाही' एवढं बजावून चिठ्ठी हातात दिली. अधूनमधून रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कळतं, ते वाढलं तर गोळ्यांमधलं अंतर वाढवतात किंवा एन्टेकॅव्हिर ही दुसरी गोळी देतात, हे सांगायला किती वेळ लागतो? त्यांची फी मात्र आमच्या पक्की लक्षात आहे.

त्यात आपल्याकडे कावीळ म्हटली की पंचगंगेच्या पाण्याकडे बोट. २०१२ साली इचलकरंजीत पाण्यातून पसरली ती हिपॅटायटिस-ई, बहुतेकांची आपोआप बरी होणारी. बी रक्तातून येते, आईकडून बाळाला होते आणि वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते. आपल्या लेखकांनी दोन्ही एकाच पोत्यात भरल्या. २०१८ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बीची औषधं मोफत मिळतात, हे छापायला तर जागाच उरली नसणार.

जागा कुठं गेली तेही दिसलं म्हणा. लेखाच्या बरोबर खाली चार कॉलमी जाहिरात : 'जुनाट कावीळ मुळासकट, दुष्परिणाम शून्य'. वर भीती, खाली काढा. पान लावणाऱ्याचं कौतुक वाटलं. त्या काढ्यात काय काय घालतात आणि यकृत त्याचं काय करतं, यावरही पुढच्या रविवारी एक लेख येऊ द्या. जाहिरात विभागाची हरकत नसेल तर.

आपला,
एक जुना वर्गणीदार
शिवाजी पेठ, कोल्हापूर